इंजिन बंद, आवाज चालूच
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पारा बेचाळिशीला टेकला की या सदराकडे येणारी बरीचशी पत्रं गाडी तापण्याची असतात. यंदा त्यांत एक प्रश्न सारखा आला: चावी काढली, इंजिन थांबलं, तरी गाडीतून काहीतरी आवाज येतच राहतो, तो कसला? म्हणून या अंकात फक्त बंद गाडीच्या आवाजांची पत्रं घेतली आहेत.

पत्र लिहिताना एवढं करा. आवाज कुठून येतो (बॉनेट, डॅशबोर्ड, गाडीखालून की चाकातून), किती मिनिटं टिकतो आणि गाडी घेतल्यापासून येतो की हल्ली सुरू झाला, हे तिन्ही लिहा. नुसतं ‘टिकटिक येते’ म्हटलं की आम्हाला अंदाजच बांधावा लागतो. ‘गाडीखालून, ड्रायव्हरच्या सीटखाली, सात-आठ मिनिटं, दोन महिन्यांपासून’ असं कळवलंत तर निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी पेट्रोल गाडी घेतली. उदगीरहून आलो आणि दारात गाडी लावली की पुढच्या बाजूने टिक्-टिक्, मध्येच टंग् असा आवाज दहा मिनिटं येतो. शेजारी म्हणतात सायलेन्सरला तडा गेलाय. आधीच्या जुन्या गाडीला असं कधी होत नव्हतं. (लातूर)

तडा गेलेला नाही. तडा गेला असता तर इंजिन चालू असताना, विशेषतः सकाळी थंड इंजिनावर ॲक्सिलरेटर दाबताच, फट्-फट् असा आवाज आला असता. बंद गाडीच्या सायलेन्सरमधून काही वाहतच नाही, तर तड्यातून आवाज यायचा कसा?

तुम्ही ऐकताय तो लोखंड आकसण्याचा आवाज आहे. हायवेवर चालून आलेल्या गाडीचा एक्झॉस्ट पाइप (इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी) चारशे अंशांच्या पुढे तापलेला असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) त्याहून जास्त. साधं स्टील एक मीटर लांबीला दर शंभर अंशांमागे साधारण सव्वा मिलिमीटर वाढतं किंवा आकसतं. म्हणजे चारशे अंश उतरताना एक मीटरचा पाइप जवळजवळ पाच मिलिमीटर आखडतो. त्याच्या बाजूला पातळ पत्र्याचं कवच बसवलेलं असतं, त्याला हीट शील्ड म्हणतात. पत्रा पातळ म्हणून लवकर थंड होतो, पाइप जाड म्हणून सावकाश. एक पुढे, एक मागे, आणि दोघं बोल्टने एकमेकांना जखडलेले. ताण साठत जातो आणि बोल्टपाशी, क्लॅम्पपाशी पत्रा जरासा सरकतो. प्रत्येक सरकण्याला एक टिक्. सुरुवातीला सेकंदाला दोन-तीन, मग अंतर वाढत जातं, मग बंद. हा क्रम आवाज निर्धोक असल्याची सगळ्यात चांगली खूण आहे.

जुन्या गाडीला हा आवाज का नव्हता, हा प्रश्न तुम्ही योग्य विचारलात. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले. प्रदूषणाची मर्यादा पाळायची तर कन्व्हर्टर लवकरात लवकर तापायला हवा, म्हणून आता तो बहुतेक गाड्यांत इंजिनाला अगदी लागून बसवतात. त्याच्याभोवती शील्डही जास्त. त्यामुळे टिकटिक मोठी, आणि थेट बॉनेटखालून.

काळजी कधी करायची? टिक्-टिक् ऐवजी चालत्या गाडीत खर्र्र असा पत्रा वाजू लागला, विशिष्ट वेगाला वाजतो आणि बंद करताना शेवटच्या हेलकाव्याला खण्ण करतो, तेव्हा. त्या वेळी शील्डचा बोल्ट गंजून त्याभोवतीचं भोक मोठं झालेलं असतं. थंड गाडीखाली वाकून रबरी हातोडीने किंवा मुठीने शील्डवर हलकी थाप मारा; जिथे खणखणतं तिथे सैल आहे. बहुतेक ठिकाणी १० नंबरचा पाना लागतो. भोक मोठं झालं असेल तर बोल्टखाली रुंद वॉशर टाका, आणि तेही धरत नसेल तर पाइप आणि शील्ड मिळून भोवती स्टेनलेस स्टीलची मोठी होज क्लिप आवळा. काही गॅरेजांत ‘वाजतंय तर काढून टाकू’ म्हणून शील्डच उतरवतात. ते करू देऊ नका. त्या पत्र्यामुळेच वरची वायर, पेट्रोलची नळी आणि तुमच्या पायाखालचं कार्पेट शाबूत राहतं.

प्रश्न : गाडी बंद करून कुलूप लावलं तरी पंखा चालूच असतो. कधी दोन मिनिटं, परवा तर जेवून परत आलो तरी फिरत होता. बॅटरी उतरेल का? (नांदेड)

दोन मिनिटं फिरणं बरोबर, जेवण होईपर्यंत फिरणं चूक.

रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि बऱ्याच गाड्यांत तो चावीवर अवलंबून नसतो. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ९५ अंशांच्या आसपास गेलं की गाडीतला कॉम्प्युटर पंखा लावतो, पाच-सहा अंश उतरलं की बंद करतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात. नांदेडच्या मे महिन्यात, गर्दीतून येऊन गाडी उन्हात लावली, तर तीन ते पाच मिनिटं पंखा फिरणं साहजिक आहे. दहा मिनिटांच्या वर गेला की शोध घ्यायचा.

पहिला संशय रिलेवर, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचवर. रिलेमधल्या संपर्काच्या टिकल्या ठिणगीने वितळून चिकटतात, मग कॉम्प्युटरने ‘बंद’ म्हटलं तरी वीज जातच राहते. बॉनेटखालच्या काळ्या फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा, आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. पंख्याचा रिले ओढून काढा. पंखा थांबला तर त्याच डब्यातला त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून पाहा. तो नीट चालू-बंद करत असेल तर नवा रिले घ्या, प्रश्न मिटला.

रिले ठीक असेल तर तापमानाचा सेन्सर पाहा. सेन्सर किंवा त्याची वायर तुटली की कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी पंखा सतत चालू ठेवतो. अशा वेळी बहुधा मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागलेला असतो. तिसरं कारण आपल्या भागात फार आढळतं: रेडिएटर आणि त्याच्या पुढची एसीची जाळी धूळ, किडे आणि कापसाच्या तंतूंनी बुजलेली असते. हवा जातच नाही, म्हणून पंखा थांबत नाही. साध्या पाइपच्या हलक्या धारेने, शक्य असेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली तर पातळ पाती आडवी पडतात आणि जाळी कायमची बंद होते.

बॅटरीचं म्हणाल तर पंखा १२ ते २० अँपिअर ओढतो. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. दोन तास पंखा फिरला तर स्टार्टर उचलणार नाही. तोपर्यंत निदान झालं नसेल तर रात्री रिले काढून ठेवा आणि सकाळी आठवणीने लावा. तो न लावता गाडी चालवली तर इंजिन तापून बसेल.

आणि चावी खिशात आहे म्हणून पंख्यात हात घालू नका. गरम इंजिनावर तो थांबलेला पंखा कोणत्याही क्षणी आपोआप फिरू लागतो.

प्रश्न : मांजरसुंब्याचा घाट चढून आलो, हॉटेलवर गाडी लावली, तर बॉनेटमधून गुडगुड-गुडगुड, पातेल्यात पाणी उकळल्यासारखं. काटा निम्म्यावरच होता. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसले. मिस्त्रीने सांगितलं, थर्मोस्टॅट काढून टाकू, म्हणजे तापणार नाही. काढावा का? बाटलीत आम्ही घरच्या बोअरचं पाणी टाकतो. (बीड)

थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढू नका आणि बोअरचं पाणी आजपासून बंद करा. आता कारणं सविस्तर देतो, कारण बंद गाडीच्या सगळ्या आवाजांत दुर्लक्ष केल्यावर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायची पाळी आणणारा आवाज हाच.

इंजिन चालू असताना पाण्याचा पंप कूलंट फिरवत असतो. चावी फिरवली की पंप थांबतो, पण हेडचं लोखंड आणि ॲल्युमिनिअम कूलंटपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. ती सगळी उष्णता आता थांबलेल्या कूलंटमध्ये शिरते. म्हणून बंद केल्यावर पहिली काही मिनिटं इंजिनातलं तापमान उतरत नाही, चढतं. घाट चढून आल्यावर लगेच बंद केलं तर आणखी चढतं. काटा हे दाखवत नाही. एक तर चावी काढल्यावर तो खाली पडतो, आणि चालू असतानाही बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध रोखून धरलेला असतो.

एवढं तापूनही कूलंट उकळत नाही ते दाबामुळे. आपला मराठवाडा समुद्रसपाटीपासून उंच. छत्रपती संभाजीनगर तर पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहे. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांनाच उकळतं. पण रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तितका जादा दाब ते झाकण आत धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० च्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट मिसळलं असेल तर आणखी आठ-दहा अंश. झाकणाचं रबर कडक झालं की दाब गळतो आणि घाट चढून आलेलं कूलंट हेडमध्ये खरोखर उकळतं. तुमची गुडगुड बहुधा तीच.

तेव्हा सुरुवात सगळ्यात स्वस्त वस्तूपासून करा. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचं झाकण काढा. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. कापड गुंडाळूनही नाही. दाब सुटला की उकळतं कूलंट क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. झाकण उलटं करून रबरी कडा पाहा: चीर, खाच, चपटी पडलेली जागा, पांढरा थर. ज्या झाकणाच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी छोटी चकती असते, ती नखाने ओढून सोडा, टक् करून जागेवर बसायला हवी. गाडी थंड होताना आत पोकळी तयार होते आणि याच चकतीतून बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. ती चिकटली असेल तर सकाळी वरचा रबरी पाइप पिळल्यासारखा चपटा दिसतो. तसा दिसला तर आणखी काही तपासायचीच गरज नाही, झाकण बदला. त्याच आकड्याचं घ्या. ‘जास्त दाबाचं चांगलं’ म्हणून ०.९ च्या जागी १.१ बसवलं तर जुने पाइप फुगतात.

इथे एक वेगळी, निरुपद्रवी गुडगुडही असते ती सांगायला हवी. बंद केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, गाडी निवत असताना, एकदाच बाटलीतून बुडुक आवाज येतो. ते कूलंट परत जाण्याचं आहे. त्याची भीती नको.

झाकण बदलूनही गुडगुड राहिली तर आत हवा अडकलेली आहे. विशेषतः पाइप बदलल्यावर किंवा कूलंट नवं भरल्यावर हे होतं. थंड गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, म्हणजे झाकण सगळ्यात उंच येईल. झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन नुसतं चालू. कूलंट खाली बसेल तसं थोडं थोडं घाला. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप एकदम गरम होतो आणि हवेचे मोठे बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले, हीटरमधून सलग गरम हवा येऊ लागली की झाकण लावा, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पुन्हा पाहा. काही गाड्यांना हवा सोडायला पाइपावर वेगळा स्क्रू असतो. असेल तर तो वापरा.

तिसरी शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली पातळ पट्टी फुटल्याची. तिच्या खुणा वेगळ्या. बुडबुडे गरम झाल्यावर नाही, सकाळी सुरू केल्याकेल्या पहिल्या मिनिटातच येतात आणि थांबत नाहीत. इंजिन गार असतानाच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. कूलंट कमी होतं पण जमिनीवर थेंब नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसतो. पण नुसत्या सायीवर निकाल देऊ नका, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती थंडीतही धरते. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी करून घ्या: कूलंटवरची हवा त्या द्रवातून ओढतात, जळालेला वायू आला असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा पडतो. ही चाचणी केल्याशिवाय हेड उतरवायला परवानगी देऊ नका.

आता थर्मोस्टॅट. तो काढला की इंजिन नेहमीच थंड चालतं. कॉम्प्युटर समजतो गाडी अजून तापली नाही आणि जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल पातळ होत नाही, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो काढला की गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. बिघडला असेल तर नवा बसवायचा. तपासायचा असेल तर काढून पातेल्यात दोरीने लोंबकळता ठेवा, पाणी तापवा. अंगावर कोरलेल्या अंशाला, बहुधा ८२ ते ८८, तो उघडू लागला पाहिजे.

बोअरच्या पाण्याविषयी: चहाच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा पापुद्रा धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. त्या नळ्यांची आतली वाट जेमतेम एक-दोन मिलिमीटर. कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं करा, तयार कूलंटमध्ये काहीच मिसळू नका. छोट्या गाडीत सगळं मिळून चार-पाच लिटर बसतं. वेगवेगळ्या रंगांचं एकत्र करू नका. वाटेत गाडी अडकली आणि हाताशी बोअरचंच पाणी असेल तर घाला, घरी पोचा, पण आठवडाभरात सगळं काढून नवं भरा.

प्रश्न : एसी लावून आलो की बंद केल्यावर डॅशबोर्डमधून स्स्स असा आवाज. गॅस गळतोय का? (परभणी)

नाही. एसी चालू असताना गॅसच्या एका बाजूला मोठा दाब असतो, उन्हाळ्यात दोनशे पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर. दुसऱ्या बाजूला तीस-चाळीस. दोघांच्या मध्ये डॅशबोर्डजवळ एक बारीक छिद्राचा व्हॉल्व्ह आहे. कॉम्प्रेसर थांबला की त्या छिद्रातून दाब समान होत जातो, त्याचा हा आवाज. मिनिटभर, फार तर दोन.

गाडी चालू असतानाही सतत फुसफुस येत असेल आणि गारवा कमी झाला असेल, तेव्हा गॅस कमी आहे असं समजा. भरून घेताना वजनाने भरून घ्या. किती ग्रॅम हे बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. आणि आधी गळती शोधायला सांगा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

एक फुसफुस मात्र वेगळी. ती ब्रेक पेडलच्या मागून येते आणि पेडल दाबलं की वाढते. तिथे ब्रेक बूस्टर (पेडलला जोर देणारा डबा) तपासायचा. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर बूस्टर, त्याची नळी किंवा नळीवरचा एकमार्गी व्हॉल्व्ह गेला आहे. यात उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : औट्रम घाट उतरून कन्नडच्या पुढे... चुकलो, चाळीसगावच्या बाजूला थांबलो, तर पुढच्या चाकांतून टिण्-टिण् आवाज आणि जळका वास. पाणी मारून थंड केलं तर चालेल? (कन्नड)

पाणी मारू नका. लाल तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं ते होतं. ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) एका बाजूने आखडते, नंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. उतारानंतर टिण्-टिण् ही डिस्क निवण्याची, सायलेन्सरसारखीच. जळका वास ब्रेक पॅडचा. म्हणजे ब्रेकवर फार भिस्त ठेवली. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. उतरल्यावर सपाटीला दोन-तीन किलोमीटर ब्रेक न दाबता चालवा, वाऱ्याने डिस्क निवतात. थांबल्यावर हँडब्रेक करकचून ओढण्यापेक्षा सपाट जागा पाहून गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

चारपैकी एकाच चाकातून वास आणि आवाज येत असेल तर त्या चाकाचं कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलंय. चाकांजवळ हात नेऊन (स्पर्श न करता) धग तुलना करा.

प्रश्न : जालन्याहून समृद्धीने येतो. टर्बो गाडी लगेच बंद करू नये म्हणतात, किती वेळ थांबावं? आणि बंद केल्यावर घूं... असा बारीक आवाज येतो तो टर्बोचाच का? (जालना)

टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) थांबायला काही सेकंदच लागतात, त्यामुळे मिनिटभर टिकणारी घूं टर्बोची नव्हे. अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत विजेवर चालणारा एक छोटा जादा पंप असतो. इंजिन बंद झालं तरी तो टर्बोभोवती कूलंट फिरवत राहतो. तो आवाज आला की उलट बरं.

थांबण्याचं गणित असं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पापुद्र्याचा. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे. तो वेग सोडून थेट पेट्रोल पंपावर येऊन चावी काढली तर तापलेल्या टर्बोत ऑइल जागच्या जागी जळून कोळसा धरतं. अर्धा ते एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवा. टोल नाका ओलांडून गावातून हळू दोन-चार किलोमीटर आला असाल तर तेवढंही नको, गाडी वाटेतच निवलेली असते. वेळेवर आणि योग्य ग्रेडचं ऑइल बदलणं या मिनिटापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

प्रश्न : डिझेल बीएस-६ गाडी. शेतात नेऊन बंद केली की कधीकधी पंखा जोरात, खालून टिकटिक आणि भट्टीसारखा वास. रोज असं होत नाही. (कळंब)

तुमच्या गाडीत काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी मधूनमधून त्याचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते. हे काम काही शे किलोमीटरनी एकदा, दहा-वीस मिनिटं चालतं. नेमकं त्याच वेळी तुम्ही चावी काढलीत. बिघाड नाही. पण घर ते शेत अशा चार किलोमीटरच्याच खेपा होत असतील तर ते काम दर वेळी अर्धवट राहतं आणि शेवटी दिवा लागतो. आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं, इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या वर ठेवून, मोकळ्या रस्त्याने चालवा.

खरा धोका तुम्ही पत्रात ओझरता लिहिलाय: ‘शेतात नेऊन’. उसाचं वाळलेलं पाचट, सोयाबीनचं भुसकट, कडब्याची गंज, वाळलेलं गवत, यांवर अशी गाडी उभी करू नका. पाचट गाडीच्या पोटाला टेकतं, आणि वर काही मिनिटांपूर्वी सहाशे अंशांना गेलेला डबा असतो. पेट्रोल गाडीलाही हे लागू आहे. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या काडावरून गाडी गेली असेल तर पुढे थांबून खाली वाका. काड पाइपाला आणि चाकाच्या दांड्याला गुंडाळलेलं असतं. थंड झाल्यावर आकड्याने ओढून काढा.

प्रश्न : जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे. चावी काढली तरी इंजिन चार-पाच झटके देतं, धडधडत बंद होतं. (हिंगोली)

ठिणगी बंद झाली, पण सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन निखाऱ्यासारखा लाल आहे. आत येणारं पेट्रोल त्यावर पेट घेतं. आधी नुसत्या चालू इंजिनाचा वेग पाहा, आठशे-नऊशे फेऱ्यांच्या वर असेल तर उतरवा. मग कार्ब्युरेटरच्या बाजूचा छोटा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) पाहा: चावी चालू करताना टक् वाजायला हवं. वाजत नसेल तर तो पेट्रोल अडवत नाही. टायमिंग आणि प्लगचा नंबर मग. तोवर बंद करताना हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून चौथ्या गिअरमध्ये क्लच सोडा. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलच तुटतं, म्हणून तिथे हा त्रास नाही.

जुनी डिझेल जीप चावी काढूनही चालूच राहिली तर पंपावरचा स्टॉपर अडकला आहे. पंपाची बंद करायची कांडी हाताने ओढा. पण काळा किंवा निळा धूर सोडत इंजिनाचे फेरे आपोआप वाढतच गेले, तर ते स्वतःचं ऑइल पीत आहे आणि चावी किंवा स्टॉपर ऐकणार नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून सगळ्यात वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा. ते जमलं नाही तर हवेच्या पाइपाच्या तोंडावर फळी दाबा. हात किंवा फडकं लावू नका, इंजिन ते ओढून घेतं. फेरे अंगावर येण्याइतके वाढले असतील तर माणसं बाजूला करा आणि तुम्हीही दूर व्हा.

प्रश्न : रात्री अकरा-बाराला, गाडी थंड झाल्यावर, बॉनेटमधून खुडखुड. (गंगाखेड)

चार-पाच तासांनंतर गाडीचं लोखंड वाजत नाही. उंदीर आहे. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर गावाकडे सरकतात आणि इंजिनाची ऊब त्यांना आवडते. सकाळी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरचा डबा (आत चिंध्या, शेंगांची टरफलं), बॅटरीखालची जागा आणि इंजेक्टरच्या वायरी पाहा. कुरतडलेल्या वायरीवर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा. गाडीजवळ धान्याची पोती आणि जनावरांचं खाद्य ठेवू नका, आणि थंडीत सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. कधी कधी उंदरामागे मांजरही आत बसलेलं असतं.